घरची गाणी घरातही ठेवा

तुमच्या घरात दोन प्रकारची गाणी असतात. पहिली बाजारातली. लताबाईंची, भीमसेनजींची, प्रल्हाद शिंद्यांची, अजय-अतुलची. ती एका ठिकाणी मिळाली नाहीत तर दुसऱ्या ठिकाणी मिळतात.

दुसरी फक्त तुमची. आजीनं कुणाच्या तरी हळदीला म्हटलेला धवला, म्हणजे लग्नातलं पारंपरिक गाणं. वडिलांच्या भजनी मंडळाची कॅसेट. मुलीनं गाण्याच्या परीक्षेआधी फोनवर घेतलेला रियाज. अशी गाणी जगात कुठल्याच दुकानात नाहीत.

ही दुसरी गाणी आज बऱ्याच घरांत गुगल ड्राइव्हवर किंवा तसल्याच एखाद्या क्लाउडवर असतात. मुलानं किंवा सुनेनं कधीतरी चढवून दिलेली. फोनवर नाव दिसतं, बोट लावलं की वाजतं. त्यामुळे वाटतं की गाणं आपल्याजवळ आहे.

ते तुमच्याजवळ नाही. ते एका कंपनीच्या कॉम्प्युटरवर आहे. तुम्ही दर वेळी ते तिथून मागवून ऐकता. याला स्ट्रीमिंग म्हणतात. तीच फाइल फोनमध्ये, पेनड्राइव्हवर किंवा हार्ड डिस्कवर उतरवून घेतली की तो डाउनलोड. नळाला पाणी येतं म्हणून कोणी सोसायटीची टाकी पाडत नाही. गाण्यांच्या बाबतीत मात्र आपण टाकी बांधायचीच विसरलो आहोत.

नवी मुंबईत राहणाऱ्यांना क्लाउड म्हणजे काय हे समजावणं सोपं आहे. ठाणे-बेलापूर रस्त्यानं जाताना ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यात मोठमोठी डेटा सेंटर लागतात. रबाळ्यात सिफीचं आहे, महाप्यात कंट्रोल-एसचं. पनवेलजवळ २०२० साली योट्टाचं सुरू झालं. आत रांगेनं कॉम्प्युटर, सतत गार हवा आणि वीज गेली तर जनरेटर. तुमची फाइल याच इमारतींत असेल असं नाही. ती कुठे ठेवायची ते कंपनी ठरवते. पण असते ती अशाच एखाद्या इमारतीत. इमारतीला आग लागू शकते. कंपनीचा बेत बदलू शकतो. हप्ता चुकू शकतो. पासवर्ड हरवू शकतो.

हे उगाच घाबरवण्यासाठी सांगत नाही. हे सगळं घडून गेलं आहे.

गुगल प्ले म्युझिक नावाची सेवा होती. तिच्यावर स्वतःची पन्नास हजारांपर्यंत गाणी चढवता येत. लोकांनी विश्वासानं चढवली. २०२० च्या अखेरीस ती सेवा बंद झाली. गाणी यूट्यूब म्युझिकवर हलवायला मुदत दिली होती, ईमेलही आले होते. ज्यांनी ते वाचले नाहीत त्यांचा संग्रह २४ फेब्रुवारी २०२१ नंतर मिटवला गेला. मायस्पेस या एके काळच्या मोठ्या संकेतस्थळानं २०१९ मध्ये कबूल केलं, की सर्व्हर बदलताना २००३ ते २०१५ या काळात लोकांनी चढवलेलं संगीत गेलं. आणि २०२५ च्या सप्टेंबरमध्ये दक्षिण कोरियातल्या देजॉन शहरात सरकारी डेटा सेंटरला आग लागली. सरकारी नोकरांच्या फाइल ठेवण्याची अख्खी व्यवस्था जळाली. ८५८ टेराबाइट माहिती. तिची दुसरी प्रत कुठेच नव्हती. एका देशाच्या सरकारचं असं होऊ शकतं, तर आपल्या घरानं जरा जास्तच सावध राहिलेलं बरं.

आता एक गफलत दूर करू. ती फार घरांत आहे.

स्पॉटिफायसारख्या ॲपमध्ये पैसे भरून गाणं डाउनलोड करता येतं. ते खरं डाउनलोड नव्हे. ती फाइल तुम्ही पेनड्राइव्हवर काढू शकत नाही, गाडीत लावू शकत नाही, भावाला देऊ शकत नाही. स्पॉटिफायवर तीस दिवसांतून एकदा तरी इंटरनेटला जोडावं लागतं, नाहीतर उतरवलेली गाणी जातात. वर्गणी थांबली तरी जातात. २०२३ च्या मार्चमध्ये करार जुळला नाही म्हणून झी म्युझिकची गाणी स्पॉटिफायवरून एकाएकी गेली. २०२४ च्या जानेवारीत रेसो हे गाण्यांचं ॲप भारतात बंद झालं. त्याच वर्षी एअरटेलनं आपलं विंक हे ॲप बंद करत असल्याचं जाहीर केलं. लोकांनी वर्षानुवर्षं लावलेल्या याद्या तिथे होत्या.

बाजारातल्या गाण्यांचं असं झालं तर फार बिघडत नाही. दुसरं ॲप घ्या, गाणं सापडेल. म्हणून त्यांच्यासाठी स्ट्रीमिंग चांगलंच आहे. खुशाल ऐका. माझं सांगणं घरच्या गाण्यांपुरतं आहे.

आता खर्चाचं बघू. रोज लोकलनं जाणाऱ्यांना हे कामाचं आहे.

चांगल्या दर्जाचं एमपीथ्री गाणं, म्हणजे ३२० केबीपीएसचं, मिनिटाला साधारण २.४ एमबी डेटा खातं. पनवेल ते सीएसएमटी एक तास वीस मिनिटं धरा. जाऊन-येऊन १६० मिनिटं. म्हणजे दिवसाला ३८४ एमबी. दीड जीबीचा रोजचा प्लॅन असेल तर त्यातला चौथा हिस्सा गाण्यांत गेला. संध्याकाळी मुलांचा व्हिडिओ, कामाचा कॉल झाला की डेटा संपला. बऱ्याच प्लॅनमध्ये त्यानंतर वेग ६४ केबीपीएसवर येतो. त्या वेगाला हे गाणं वाजत नाही, अडखळत राहतं.

आणि आपण रोज नवी गाणी ऐकत नाही. तीच पंचवीस-तीस गाणी फिरून फिरून ऐकतो. ड्राइव्हवरून वाजवलं की तीच फाइल पुन्हा पुन्हा मागवली जाते. एकदा घरच्या वायफायवर उतरवून घेतली असती तर प्रवासात एक एमबीही गेला नसता. बॅटरीही कमी खर्च झाली असती.

कॅसेटवरून गाणी उतरवली असतील तर आणखी एक गोष्ट तपासा. उतरवून देणारे बरेचदा डब्ल्यूएव्ही फाइल देतात. ती मोठी असते. एका तासाच्या कॅसेटची फाइल सव्वासहाशे एमबीच्या वर जाते. ती ड्राइव्हवरून मोबाइल डेटावर ऐकणं म्हणजे पैसे वाया घालवणं. मूळ डब्ल्यूएव्ही जपून ठेवा, ती पुसू नका. फोनसाठी तिची एमपीथ्री प्रत करून घ्या. तीच कॅसेट मग दीडशे एमबीच्या आत बसते. फोनवर आपल्या कानांना फरक जाणवत नाही.

पैशापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे गाणं नेमकं हवं तेव्हा न मिळणं.

२०२४ ची अनंत चतुर्दशी आठवा. १७ सप्टेंबर. गणपती बाहेर काढायचे, आरत्या लावायच्या, आणि मुंबई परिसरात जिओचं नेटवर्क काही तास कोलमडलं होतं. डेटा सेंटरला लागलेल्या आगीमुळे ते झाल्याच्या बातम्या आल्या. त्याआधी १२ ऑक्टोबर २०२० ला ग्रिड बंद पडून मुंबई, ठाणे, नवी मुंबईची वीज एकदम गेली. लोकल थांबल्या. वीज गेली की घरातला वायफायही जातो. ज्याच्या फोनमध्ये फाइल होती त्याचं गाणं त्या दिवशीही वाजलं.

गणपतीला किंवा शिमग्याला पनवेलहून कोकण रेल्वेनं गावी जाणाऱ्यांना तर हे सांगायलाच नको. त्या मार्गावर नव्वदहून जास्त बोगदे आहेत. रत्नागिरीजवळचा करबुड्याचा एकटाच साडेसहा किलोमीटरचा. त्यात नेट कुठलं? आणि गावात वाडीवर पोचल्यावरही एकच काडी दिसत असते. आजीचा धवला गावातल्या लग्नात ऐकवायचा असेल तर तो इथूनच फोनमध्ये घेऊन जा.

धवल्यांबद्दल थोडं जास्त बोलतो, कारण मला त्यांची खरी काळजी वाटते.

नवी मुंबई वसवणारी सिडको १९७० साली आली. त्याच्या कितीतरी आधीपासून इथे घणसोली, कोपरखैरणे, दिवाळे, सारसोळे, करावे ही गावं होती. आगरी-कोळी माणसांची. लग्नात धवलारीण धवला म्हणायची. पूर्वी अनेक गावांत लग्नाचे विधी तिच्या धवल्यांवरच पार पडत. हे सगळं तोंडी. आईकडून लेकीकडे, सासूकडून सुनेकडे आलेलं. आता धवलारणी थोड्या राहिल्या. तुमच्या घरी ऐंशी-नव्वदच्या दशकातल्या लग्नाची कॅसेट असेल, व्हिडिओ असेल, त्यात तुमच्या आजीचा आवाज असेल, तर ती एकुलती एक प्रत असण्याची शक्यता फार मोठी आहे. तुमच्या घरातून ती गेली तर ती कुठूनच मिळणार नाही.

सांगलीकर असा, विदर्भातले असा, कोकणातले असा, तुमच्या घरीही असं काहीतरी असेलच. जात्यावरची ओवी, आईचा हादगा, काकांचं कीर्तन. त्यालाही हेच लागू.

म्हणून एका सुट्टीच्या दिवशी बसा. घरातलं कॉम्प्युटर येणारं माणूस सोबत घ्या.

आधी निवडा. ड्राइव्हवर, व्हॉट्सॲपमध्ये, जुन्या फोनमध्ये काय काय आहे ते बघा. बाजारात मिळणारं बाजूला ठेवा. फक्त तुमचं आहे ते एका फोल्डरमध्ये गोळा करा. व्हॉट्सॲपवर आलेल्या आवाजांकडे विशेष लक्ष द्या. फोन बदलला की पहिले तेच हरवतात.

मग नावं द्या. ‘ऑडिओ ००१७’ या नावाचा दहा वर्षांनी कुणालाच अर्थ लागणार नाही. कोण गातंय, कुठे, कुठल्या प्रसंगी, कुठल्या साली, एवढं नावातच लिहा. साल नक्की नसेल तर अंदाजे लिहा. घरातली मोठी माणसं आहेत तोवर हे करून घ्या. आवाज ओळखणारी तीच आहेत. मला विचाराल तर या सगळ्या कामात हा भाग सगळ्यांत महत्त्वाचा, आणि लोक नेमका हाच टाळतात.

त्यानंतर उतरवून घ्या. हे कॉम्प्युटरवर करा, घरच्या इंटरनेटवर. ड्राइव्हवर अख्खं फोल्डर डाउनलोड केलं की झिप फाइल येते. फोल्डर मोठं असेल तर तिचे तुकडे होऊन दोन-तीन झिप येतात. सगळ्या आल्या का ते बघा. त्या उघडून आतल्या फाइल बाहेर काढा. मग मोजा. ड्राइव्हवर जितक्या फाइल होत्या तितक्या इथे आल्या का? चार-पाच फाइल सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी वाजवून बघा. हे न करता ड्राइव्हवरचं काहीही पुसू नका. खरं तर केल्यावरही पुसू नका.

अँड्रॉइड फोनवर करणार असाल तर दोन बटणांतला फरक समजून घ्या. ड्राइव्हच्या ॲपमध्ये ‘ऑफलाइन उपलब्ध करा’ असं एक असतं आणि ‘डाउनलोड’ असं दुसरं. पहिल्यानं फाइल ड्राइव्हच्या ॲपमध्येच राहते. नेट नसताना वाजते, पण खात्यातून बाहेर पडलात की गेली. दुसऱ्यानं ती फोनच्या डाउनलोड फोल्डरमध्ये येते. ती तुमची. व्हीएलसीसारख्या मोफत ॲपमध्ये ती वाजते.

फोनमध्ये जागा नाही, असं पुष्कळजण म्हणतात. पाच मिनिटांचं चांगलं एमपीथ्री साधारण १२ एमबीचं. पाचशे गाणी सहा जीबीत बसतात. शुभ सकाळचे व्हिडिओ पुसलेत तर बहुतेकांच्या फोनमध्ये एवढी जागा निघेल.

कॉम्प्युटरवर घेतलेला संग्रह मग एका बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्या. शिवाय आणखी एक प्रत काढा आणि ती दुसऱ्या घरी ठेवा. बहिणीकडे, गावी, कुठेही. एकाच कपाटातल्या दोन प्रती पुराच्या पाण्यात एकदमच जातात. २६ जुलै २००५ ज्यांनी पाहिली त्यांना हे पटेल. फक्त पेनड्राइव्हवर भरवसा ठेवू नका. तो गाडीत लावायला चांगला, जपणुकीला नाही. आपल्याकडे खाडीची हवा दमट. डिस्क बंद डब्यात ठेवा. दर दिवाळीच्या साफसफाईत ती लावून बघा, फाइल उघडतात का पाहा, नवं काही असेल तर भरा.

आणि क्लाउड? तो सोडू नका. फोन चोरीला गेला, कॉम्प्युटर बंद पडला, तर तोच वाचवतो. परदेशातल्या मुलाला आजीचा आवाज ऐकवायचा तर त्याच्याइतकं सोयीचं काही नाही. तुमचा संग्रह मोठा असेल आणि कॉम्प्युटर असेल तर यूट्यूब म्युझिकवर स्वतःची एक लाखापर्यंत गाणी चढवता येतात. ती फक्त तुम्हालाच दिसतात. वर्गणी न भरताही ती जाहिरातीविना ऐकता येतात. क्वचित ऐकायची गाणी तिथून स्ट्रीम करा. नेहमीची फोनमध्ये ठेवा. फक्त क्लाउडवर एकुलती एक प्रत असू नये, एवढंच बघा.

क्लाउडवर ठेवताना काही गोष्टी सांभाळा.

गुगलवर फुकट १५ जीबी मिळतात. त्यातच जीमेल, फोटो आणि ड्राइव्ह येतं. अँड्रॉइडवरचा व्हॉट्सॲपचा बॅकअपही आता त्यातच मोजतात. ती जागा भरली की नवं काही चढत नाही, आणि ईमेलही येणं थांबतं. लाइटबिल, बँक, मुलाच्या कॉलेजचं पत्र, सगळं अडकतं. जागा विकत घेतली आणि नंतर पैसे भरणं थांबवलं, तर मर्यादेबाहेरचा संग्रह दोन वर्षांनी पुसला जाऊ शकतो. दोन वर्षं कुणी उघडलंच नाही असं खातंही कंपनी बंद करू शकते. वडील गेल्यावर त्यांच्या खात्याकडे कुणी फिरकत नाही, आणि नेमका त्यांच्याच आवाजाचा संग्रह त्यात असतो. म्हणून गुगलच्या सेटिंगमध्ये ‘इनॲक्टिव्ह अकाउंट मॅनेजर’ नावाची सोय आहे ती वापरा. खातं बराच काळ पडून राहिलं तर कुणाला कळवायचं, काय द्यायचं, ते तिथे आधीच लिहून ठेवता येतं. खात्याला जोडलेला मोबाइल नंबर चालू आहे ना, तेही बघा. जुनं सिम बंद झालं आणि पासवर्ड विसरला तर स्वतःच्याच खात्यात शिरता येत नाही.

‘तुमची जागा भरली, आत्ता पैसे भरा नाहीतर सगळं पुसू’ असा मेसेज आला तर त्यातल्या लिंकवर बोट लावू नका. ड्राइव्हचं ॲप स्वतः उघडा आणि तिथे काय लिहिलंय ते वाचा. फुकट गाणी देणारं ॲप म्हणून व्हॉट्सॲपवर कुणी एपीके फाइल पाठवली तर ती उघडू नका, पाठवणारा ओळखीचा असला तरी. अशा फसवणुकीत पैसे गेलेच तर लाज बाळगू नका. लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. जितका लवकर कराल तितकी पैसे अडवता येण्याची आशा जास्त.

फोल्डर नातेवाइकांना द्यायचं असेल तर त्यांच्या ईमेलवर द्या. लिंक असेल त्या कुणालाही उघडेल अशी सोडू नका. घरातल्या बाईमाणसांचे, लहान मुलांचे आवाज त्यात असतात. ते कुठे फिरावेत हे त्यांना विचारूनच ठरवा.

एवढं सगळं एका दिवसात होणार नाही. होऊ नये असंही मला वाटतं, कारण आवाज ऐकत ऐकत नावं द्यायला वेळ लागतो आणि तो द्यावा. सुरुवात सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाच्या आवाजापासून करा.

आणि एक विनंती. तुमच्या मजल्यावर एखादे आजी-आजोबा एकटे राहत असतील, मुलं दूर असतील. त्यांच्याकडेही अशी एखादी कॅसेट किंवा ड्राइव्हवरची फाइल असेल आणि त्यांना हे जमणार नसेल. तुमच्या मुलाला किंवा मुलीला दोन तास त्यांच्याकडे पाठवा. पासवर्ड त्यांनी स्वतःच्या हातानं टाकावा, बाकीचं पोरांनी करून द्यावं.